रस्ता, बस, चौक: नाशिक परिसरातली मागणी निधीपर्यंत कशी न्यायची

नाशिक शहरातून आणि भोवतालच्या गावांतून रस्त्याच्या, बसच्या, चौकाच्या मागण्या सतत कुठल्या ना कुठल्या कार्यालयात जात असतात. निवेदन दिलं जातं, पोच मिळते, कधी बातमीही छापून येते. काही महिन्यांनी एका ओळीचं पत्र येतं: ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ तेच निवेदन मग दुसऱ्या दारात जातं आणि तेवढ्यात मार्च उलटून गेलेला असतो.

यातल्या बहुतेक मागण्या रास्त असतात. त्या अडतात कारण रस्ता कोणाचा, पैसा कोणत्या खात्यातून येणार आणि अर्ज कोणत्या महिन्यात पोचायला हवा, हे निवेदन लिहिण्याआधी कोणी पाहिलेलं नसतं. एकाच रस्त्यावर महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि वाहतूक पोलीस असे सगळे काही ना काही अधिकार ठेवून असतात. त्यांना एका कागदावर आणण्याचं काम मागणी करणाऱ्यालाच करावं लागतं. हा लेख गृहनिर्माण संस्था, ग्रामपंचायत सदस्य, उद्योजक आणि पालकांचे गट यांच्यासाठी आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. क्रम चुकला की केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

## टप्पा १: मागणी एका जागेवर आणा

‘आमच्या भागातील रस्त्यांची दुरवस्था’ ही मागणी नव्हे. तिच्यावर अंदाजपत्रक करता येत नाही. मागणीत रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी किती, सध्याची रुंदी किती आणि नेमकं काय हवंय, हे एका वाक्यात बसलं पाहिजे. राज्य किंवा जिल्हा मार्ग असेल तर किलोमीटरच्या दगडावरून साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, लिहा. शहरात असेल तर दोन्ही टोकांच्या ठळक खुणा आणि मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश द्या.

मग मागणी कोणत्या जातीची आहे ते ठरवा. नवीन बांधकाम किंवा रुंदीकरण, दुरुस्ती, वाहतूक नियोजन (सिग्नल, एकेरी मार्ग, थांबे, गतिरोधक) आणि सेवा (बसफेरी, शेअर रिक्षाचा थांबा) या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे मंजूर करणारे वेगळे आणि पैशाची खातीही वेगळी. चारही एका निवेदनात घातल्या तर कार्यालय त्यातला स्वतःचा नसलेला भाग शोधतं आणि त्याच्या आधारे अख्खं निवेदन पुढे पाठवून देतं. चार मागण्या असतील तर चार अर्ज करा आणि प्रत्येकात इतर तीन अर्जांचा उल्लेख ठेवा.

तपासा: अर्ज वाचून एखादा कनिष्ठ अभियंता तुम्हाला फोन न करता नेमक्या जागेवर पोचेल का? पोचणार नसेल तर वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा २: रस्ता कोणाचा, ते कागदावर सिद्ध करा

सगळ्यांत जास्त मागण्या इथेच बुडतात, म्हणून या टप्प्यावर जरा थांबू.

रस्त्यांची उतरंड अशी आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. महापालिका हद्दीत विकास योजनेतले रस्ते आणि मंजूर अभिन्यासातले, म्हणजे लेआउटमधले, रस्ते महापालिकेकडे. मात्र हद्दीतून जाणारा महामार्ग हद्दीत आला म्हणून आपोआप महापालिकेचा होत नाही.

किलोमीटरच्या दगडाचा रंग पहिला अंदाज देतो. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण. पण हा अंदाजच. रस्त्याचा दर्जा वाढतो, रस्ता हस्तांतरित होतो, दगड मात्र जुना तसाच उभा राहतो. दगडाच्या भरवशावर अर्ज करू नका.

आता एकाच वाटेवर मालक कसे बदलतात ते पाहा. नाशिकरोडहून देवळाली कॅम्पमार्गे भगूरला निघालात की सुरुवातीला महापालिकेची हद्द लागते, मग देवळाली छावणी परिषदेची, मग भगूर नगरपरिषदेची आणि पुढे ग्रामीण भाग. छावणी परिषद संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. तिथल्या रस्त्याला महापालिकेचा पैसा लावता येत नाही आणि जिल्हा परिषदेचाही नाही. प्रवाशाला रस्ता एकच दिसतो. कागदावर मात्र त्याचे तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याचा अभियंता वेगळा आहे. म्हणून ‘नाशिकरोड ते भगूर रस्ता रुंद करा’ असा एकच अर्ज कोणाकडेही दिला तरी तो अर्धवटच लागू पडतो.

द्वारका चौकात हाच गुंता उभ्याने आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता तिथे भेटतात. वर उड्डाणपूल, खाली सेवा रस्ता, शहराचे रस्ते, सिग्नल, रिक्षा आणि बसचे थांबे. महामार्गाच्या हद्दीतला बदल महामार्ग प्राधिकरणाच्या संमतीशिवाय होत नाही, सिग्नलची वेळ आणि वळणबंदी पोलिसांशिवाय ठरत नाही, पदपथ आणि अतिक्रमण महापालिकेकडे जातं. एकाने हात लावला तर दुसऱ्याची परवानगी लागतेच.

मालकी शोधण्यासाठी हे करा:

१. शहरात असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास योजनेचा भाग नकाशा घ्या. नाशिकची सुधारित विकास योजना २०१७ मध्ये मंजूर झाली आहे. तुमचा रस्ता तिच्यात आहे का, असल्यास किती मीटर रुंदीचा आणि जागा प्रत्यक्ष ताब्यात आली आहे का, हे तिन्ही विचारा. नकाशावर रस्ता आहे पण सातबारा अजून मूळ मालकाच्या नावे आहे, असं कितीदा तरी निघतं. तिथे डांबर मागण्याआधी जागेचा मोबदला किंवा विकास हक्क हस्तांतरण, म्हणजे टीडीआर (जागेच्या बदल्यात बांधकामाचा हक्क), याची मागणी करावी लागते.

२. गावात असाल तर रस्त्याला रस्ते विकास योजनेतला क्रमांक आहे का ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात पाहा. ग्रामीण मार्ग क्रमांक किंवा इतर जिल्हा मार्ग क्रमांक नसेल तर रस्ता योजनाबाह्य ठरतो आणि रस्त्यांच्या नेहमीच्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यातून, त्यावर खर्च करता येत नाही. अशा वेळी पहिली मागणी क्रमांक मिळवण्याची, दुसरी निधीची.

३. नव्या वसाहतीत, विशेषतः महापालिका हद्दीलगतच्या गावांत, बांधकाम परवानगी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने दिलेली असते. म्हणून रस्ताही तेच करतील अशी लोकांची समजूत होते. अभिन्यासातला अंतर्गत रस्ता विकसकाने करून स्थानिक संस्थेकडे सोपवला आहे का, हे आधी पाहा. सोपवला नसेल तर ग्रामपंचायत त्यावर पैसा टाकू शकत नाही. मग तुमचं पहिलं पत्र विकसकाला जातं आणि त्याची प्रत प्राधिकरणाला.

तोंडी उत्तर ‘आमचा नाही’ असं आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. प्रश्न असा विचारा: ‘अमुक ते अमुक या रस्त्याची देखभाल कोणत्या कार्यालयाकडे आहे, त्याचा मार्ग क्रमांक काय आणि मागील तीन वर्षांत त्यावर कोणत्या लेखाशीर्षातून खर्च झाला?’ यातला शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. ज्याने मागे खर्च केला त्याला ‘आमचा नाही’ म्हणणं अवघड जातं.

सावधान: जमिनीची मालकी, रस्त्याचा ताबा आणि देखभालीची जबाबदारी या तिन्ही वेगळ्या असू शकतात. अर्जात ‘मालकी’ असा मोघम शब्द वापरू नका. ‘देखभाल कोणाकडे’ असं लिहा.

## टप्पा ३: मोजा, आणि योग्य दिवशी मोजा

‘प्रचंड वाहतूक’ या दोन शब्दांना अंदाजपत्रकात जागा नसते. आकडा लागतो, आणि तो तुम्ही स्वतः काढू शकता. दोन-तीन माणसं, एक वही, सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८. दर १५ मिनिटांचा वेगळा रकाना करा. दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, हलका मालवाहू, जड वाहन, सायकल आणि पायी चालणारे असे स्तंभ ठेवा. दिशा वेगळ्या मोजा. महामार्गाच्या प्रमाणित गणनेत सलग सात दिवस, चोवीस तास मोजणी अपेक्षित असते. तुमची मोजणी तिची जागा घेणार नाही. पण विभागाने तशी गणना करावी, असं म्हणायला ती पुरेसा आधार देते.

दिवस निवडताना नाशिकचं घड्याळ लक्षात घ्या. सातपूर-अंबडच्या बाजूला कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ मोजणीत यायलाच हवी. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या हंगामात मालवाहू गाड्या वाढतात, तेव्हा हंगामातली आणि हंगामाबाहेरची मोजणी वेगवेगळी दाखवा. पंचवटीतल्या बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर लिलावाच्या वेळा पाहा. त्र्यंबक रस्त्यावर श्रावणी सोमवारची मोजणी करून तीच रोजची म्हणून दिलीत, तर अभियंता पहिल्याच नजरेत ओळखेल आणि उरलेल्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल.

अपघाताचा मुद्दा असेल तर संबंधित पोलीस ठाण्यातून मागील तीन वर्षांची नोंद मागा. राष्ट्रीय महामार्गांवरच्या अपघातप्रवण स्थळाची, म्हणजे ब्लॅक स्पॉटची, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या ठरलेली आहे: साधारण ५०० मीटरच्या लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. या निकषात जागा बसत असेल तर अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच तसं लिहा. मग सुधारणा केवळ मागणी राहत नाही, ती विभागाच्या कर्तव्याच्या यादीत जाते. बसत नसेल तर बसवण्याचा प्रयत्न करू नका. कुणाच्या घरातला माणूस गेलेला असतो. तो आकडा फुगवणं त्या घराशीही अप्रामाणिक आहे आणि पडताळणीत उघडही पडतं.

तपासा: प्रत्येक तक्त्यावर तारीख, वार, वेळ, हवामान आणि मोजणाऱ्यांच्या सह्या आहेत का?

## टप्पा ४: पैशाचं खातं निवडा

आता कुठे निधीचा विषय येतो. लोक इथून सुरुवात करतात, तेच चुकतं.

ग्रामीण रस्ता असेल तर मुख्य दार जिल्हा नियोजन समितीचं. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीतून आलेली ही समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली चालते आणि जिल्हाधिकारी तिचे सदस्य सचिव असतात. जिल्हा वार्षिक योजनेत सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी असे वेगवेगळे घटक आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण अशा तालुक्यांतल्या आदिवासी गावांनी आदिवासी घटकाचा पर्याय आवर्जून पाहावा. त्यासाठी नाशिक किंवा कळवणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी बोलावं लागतं.

बांधकाम विभागात तुम्हाला आकड्यांची भाषा ऐकू येईल. ‘३०५४’ म्हणजे रस्ते-पुलांची दुरुस्ती आणि देखभाल. ‘५०५४’ म्हणजे रस्त्यांवरचा भांडवली खर्च, नवीन किंवा सुधारित काम. ‘२५१५’ म्हणजे ग्रामविकास विभागाकडून लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांचा निधी. खड्डे बुजवायचे असताना ५०५४ मागणं किंवा रुंदीकरणासाठी ३०५४ मागणं, दोन्ही परत येतं.

आणखी एक शब्द शिकून घ्या: दायित्व. आधीच्या वर्षांत मंजूर झालेल्या, अजून पूर्ण न झालेल्या कामांची देणी म्हणजे दायित्व. यंदाच्या नियतव्ययातून, म्हणजे वर्षासाठी ठरवून दिलेल्या रकमेतून, ती आधी वजा होतात आणि उरलेल्या रकमेतच नवीन कामं बसतात. म्हणून अभियंत्याला ‘यंदा किती निधी आला?’ असं विचारू नका. ‘दायित्व वजा जाता या लेखाशीर्षात नवीन कामांना किती उरतात?’ हा प्रश्न विचारा. उत्तर फार थोडं असेल तर दुसरं खातं शोधायला तुमच्याकडे वेळ राहतो.

शहरातला रस्ता असेल तर महापालिकेचं अंदाजपत्रक. विभागीय कार्यालयं सहा आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड. अर्ज तुमच्या विभागाच्या बांधकाम उपअभियंत्याकडे आणि प्रत शहर अभियंत्याकडे. लहान कामाला प्रभागाच्या निधीचा मार्गही असतो.

राज्य किंवा राष्ट्रीय मार्ग असेल तर राज्याचा अर्थसंकल्प किंवा पुरवणी मागण्या, केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी, किंवा महामार्ग प्राधिकरणाचं स्वतःचं नियोजन. इथे आमदार-खासदारांचं पत्र खरोखर लागतं. आमदार आणि खासदारांचा स्थानिक विकास निधी वेगळा. खासदारांचा वर्षाला ५ कोटींचा असतो आणि तो अख्ख्या मतदारसंघात वाटला जातो. एका बसथांब्यासाठी किंवा रस्त्याखालच्या छोट्या मोरीसाठी तो योग्य आहे, किलोमीटरभर रस्त्यासाठी त्याच्या मागे लागू नका.

औद्योगिक भागात कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून थांबे, दिशाफलक, पादचारी सुविधा होऊ शकतात. नीमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांमार्फत मागणी गेली तर अनेक कंपन्यांशी एकदम बोलता येतं. पण देखभाल कोण करणार, हे लेखी नसेल तर रस्त्याची देखभाल करणारं कार्यालय अशा कामाला ना हरकत देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

२०२७ च्या सिंहस्थासाठी मोठी कामं चालू असल्यामुळे प्रत्येक गल्ली ‘कुंभमेळ्यातून’ मागण्याचा मोह होतो. त्या निधीची कसोटी भाविकांच्या ये-जा आणि सुरक्षिततेची आहे. तुमचा रस्ता वाहनतळ, घाट, रेल्वे स्थानक किंवा बाह्य मार्गाशी जोडला जात असेल तरच तिथे मागा. नसेल तर त्या रांगेत उभं राहून नेहमीच्या खात्यातला नंबर गमावू नका.

सावधान: एकच काम दोन खात्यांत सुचवू नका. ‘कुठूनतरी होईल’ म्हणून जिल्हा नियोजनातही आणि आमदार निधीतही दिलेलं काम दुबार म्हणून दोन्हीकडून वगळलं जाऊ शकतं. पर्याय म्हणून दुसरं खातं मनात ठेवा, कागदावर पहिल्याचा नकार आल्यावरच आणा.

सावधान: लहान कामाला मोठ्या प्रकल्पाच्या शेपटीला बांधू नका. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांच्या केंद्रीय वाट्याची घोषणा झाली होती. मेट्रो झाली नाही. ‘मेट्रोबरोबर पदपथही होतील’ असं धरून बसणाऱ्याला पदपथही मिळत नाही.

## टप्पा ५: महिने उलटे मोजा

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण त्याचा निर्णय आधीच्या हिवाळ्यात होतो. महापालिकेचे विभाग आपापल्या मागण्या वर्षअखेरीस गोळा करू लागतात आणि अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडाही हिवाळ्यात तयार होतो आणि नंतर राज्यस्तरावर चर्चेला जातो. राज्याचं अर्थसंकल्पी अधिवेशन मार्चच्या आसपास. पुरवणी मागण्या पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात. डांबराची कामं जून ते सप्टेंबर जवळजवळ थांबलेली असतात.

म्हणजे पुढच्या एप्रिलच्या यादीत नाव हवं असेल तर फाइल ऑक्टोबरअखेर पूर्ण हवी. गावांसाठी सोयीचा क्रम असा: मालकी आणि मोजणी जूनपर्यंत, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत राहिलेली दुरुस्ती, दिवाळीआधी अर्ज. ठरावात रस्त्याचा क्रमांक, लांबी आणि मागितलेलं लेखाशीर्ष लिहा. ‘रस्ता करण्यात यावा असे सर्वानुमते ठरले’ एवढ्यावर थांबलेला ठराव काही कामाचा नाही.

निवडणुकीची शक्यता असेल तर महिनाभर आधीच संपवा. आचारसंहिता लागली की नवीन मंजुरी थांबते.

सार्वजनिक मागण्या लोकशाही दिनात नेणारेही बरेच आहेत. जिल्हास्तरावरचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. पण तो वैयक्तिक तक्रारींसाठी आहे. सामूहिक रस्त्याची मागणी तिथे स्वीकारली जाणार नाही आणि तुमचा महिना जाईल.

## टप्पा ६: संयुक्त पाहणी घडवा, आणि तिचं इतिवृत्त लिहून घ्या

आतापर्यंत तुमच्याकडे जागा, देखभालीचा पुरावा, मोजणी आणि खात्याची निवड आहे. आता सगळ्या कार्यालयांना एकाच वेळी जागेवर बोलवायचं. अख्ख्या प्रक्रियेत खरा समन्वय घडतो तो इथेच.

बोलावणं तुमच्या नावाने गेलं तर निम्मे येत नाहीत. ते जिल्हाधिकारी कार्यालयातून किंवा शहरात महापालिकेतून निघावं यासाठी प्रयत्न करा. त्याला कारण आहे. जिल्हाधिकारी जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव आहेत, प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली बसते. पैसा, परवाना आणि सुरक्षितता हे तीन विषय एका टेबलावर येतात ते तिथे. तुमचा विषय रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीत घेतला गेला तर संयुक्त पाहणीचे निर्देश तिथूनच निघू शकतात.

पत्राचा मसुदा असा ठेवा:

‘विषय: (रस्त्याचे नाव व क्रमांक), (कुठून ते कुठे), लांबी (...) मीटर, संयुक्त पाहणीबाबत. महोदय, सदर रस्त्याचा (...) ते (...) हा भाग (कार्यालय अ) कडे व (...) ते (...) हा भाग (कार्यालय ब) कडे देखभालीसाठी असल्याचे सोबतच्या माहिती अधिकारातील उत्तरांवरून दिसते. सोबत वाहतूक मोजणी व अपघातांची माहिती जोडली आहे. दोन्ही कार्यालये, वाहतूक शाखा व महावितरण यांची संयुक्त पाहणी आयोजित करून कामाची व्याप्ती, निधीचे लेखाशीर्ष आणि कामानंतरची देखभाल निश्चित करावी, ही विनंती.’

विजेचे खांब असतील तर महावितरण हवं. जलवाहिनी किंवा भुयारी गटार असेल तर ते विभाग हवेत, नाहीतर नवा रस्ता झाल्यावर सहा महिन्यांत खोदला जातो. झाडं असतील तर उद्यान विभाग. झाडांचा विषय लपवू नका. नागरी क्षेत्रातल्या झाडांना १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याचं कवच आहे आणि नाशिककर झाडांसाठी उभे राहतात. मोजून, क्रमांक देऊन, किती वाचवता येतील हे आधीच मांडा. रेल्वेमार्गाजवळ असाल तर रेल्वेची संमती वेगळी आणि वेळखाऊ.

पाहणीच्या दिवशी सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे इतिवृत्त. सगळे मान डोलावतात, चहा होतो, गाड्या निघतात आणि कागद उरत नाही. तीन रकान्यांचा तक्ता आधीच छापून न्या: कोण, काय. तिसरा रकाना ‘कधीपर्यंत’ रिकामा ठेवून तिथेच भरा आणि उपस्थितांच्या सह्या घ्या. अधिकृत इतिवृत्त नंतर येईल. तुमचा तक्ता त्याच्याशी ताडून पाहायला कामी येतो.

इतिवृत्तात तीन गोष्टी हव्यातच. बांधणार कोण. पैसे कोण देणार. आणि झाल्यावर सांभाळणार कोण. तिसरी हमखास राहते. हद्दीवरचे पथदिवे बसतात आणि वीजबिल महापालिकेने भरायचं की ग्रामपंचायतीने, यावर अंधार राहतो. सिग्नल उभा राहतो, दुरुस्तीचा करार कोणाकडेच नसतो.

गतिरोधकाची मागणी असेल तर तिथल्या तिथे मापही लिहून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. आधी सूचनाफलक आणि वर पांढरे पट्टे लागतात. गावाने रातोरात ओतलेला काँक्रीटचा उंचवटा दुचाकीस्वाराला पाडतो.

तपासा: प्रत्येक कार्यालयाची ना हरकत लेखी आहे का? ‘साहेबांनी हो म्हटलंय’ हे चालत नाही. साहेबांची बदली होते.

## टप्पा ७: बसची मागणी वेगळ्या वाटेने

शहर बससेवा ‘सिटीलिंक’ जुलै २०२१ पासून महापालिकेच्या नाशिक महानगर परिवहन महामंडळामार्फत चालते. बस चालवणाऱ्या ठेकेदाराला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. तिकिटातून ते भरून निघाले नाहीत तर तूट महापालिका सोसते. म्हणून प्रत्येक वाढीव किलोमीटर महापालिकेच्या तिजोरीशी जोडलेला आहे, आणि हद्दीबाहेरच्या गावांसाठी तो प्रश्न आणखी टोकाचा होतो: शिंदे-पळसे किंवा सिन्नरकडच्या प्रवाशाची तूट नाशिकच्या करदात्याने का भरावी? या प्रश्नाचं उत्तर अर्जात असलं पाहिजे. त्या बसने नाशिकला कामगार, विद्यार्थी आणि ग्राहक येतात. रस्त्यावरच्या दुचाक्या कमी होतात. हे तुमच्या मोजणीतून दाखवा.

मागण्याचा क्रम लहानाकडून मोठ्याकडे ठेवा. आधी चालू फेरीच्या वेळेत बदल, मग चालू मार्गावर एक जादा फेरी, मग मार्गाचा विस्तार, आणि शेवटी नवा मार्ग. थांब्यावर उभं राहून नोंदवा: किती जण बसची वाट पाहतात, किती कंटाळून शेअर रिक्षाने जातात, कोणत्या वेळी, कुठे जायला. बस वळवायला आणि थांबवायला गावात जागा आहे का, त्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या पत्रासह जोडा. जागा नसल्यामुळे चांगला प्रस्ताव अडतो.

परवान्याचा भाग प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे आणि त्याच मार्गावर एसटीच्या फेऱ्या असतील तर एसटीचं म्हणणंही विचारात येतं. एसटीच्या विभाग नियंत्रकांना प्रत आधीच द्या. थांब्यांच्या जागा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरतात, त्यामुळे थांब्याचा अर्ज वाहतूक शाखेलाही जायला हवा. चौकाच्या तोंडावर थांबा मागू नका. चौक ओलांडून पुढे मागा, म्हणजे सिग्नलवर बस वाट अडवत नाही.

## टप्पा ८: मंजुरीपासून कामापर्यंत पाठ सोडू नका

‘काम मंजूर झालं’ या वाक्याचे अनेक अर्थ होतात. कोणता ते विचारा. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करायला आणि त्यावर खर्चाला तत्त्वतः होकार. तांत्रिक मान्यता म्हणजे अंदाजपत्रक अभियंत्याने तपासलं. त्यानंतर निविदा, मग कार्यारंभ आदेश. कार्यारंभ आदेश हातात येईपर्यंत पेढे वाटू नका. प्रशासकीय मान्यतेचा फलक लागलेली आणि निविदाच न निघालेली कामं पुढच्या वर्षाच्या दायित्वात जातात. जिल्हा परिषदेला जिल्हा वार्षिक योजनेचा निधी खर्चायला दोन वर्षं मिळतात, त्यामुळे मार्च उलटला म्हणून लगेच आशा सोडायची गरज नाही. पण दुसरा मार्च उलटला तर पैसा परत जातो.

प्रत्येक टप्प्याचा जावक क्रमांक आणि तारीख एका वहीत ठेवा. पाठपुराव्याच्या पत्रात नवीन काही मागू नका, फक्त मागच्या पत्राचा क्रमांक आणि ‘पुढील कार्यवाही कळवावी’ एवढंच. नवी मागणी घातली की फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते.

काम सुरू झाल्यावर जागेवरच्या फलकावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्व कालावधी वाचा. फलक नसेल तर मागा. लांबी-रुंदी टेपने मोजून मंजूर अंदाजपत्रकाशी ताडा. पाण्याच्या निचऱ्याचा उतार आणि गटाराची झाकणं रस्त्याच्या पातळीला आहेत का, एवढं तर कोणालाही दिसतं. दोषदायित्व कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. त्यासाठी नवा निधी मागणारा अर्ज करू नका. काम झाल्याच्या दिवशीचे फोटो, पहिल्या पावसानंतरचे फोटो आणि फलकावरची मुदत जोडून थेट दोषदायित्वाची मागणी करा, आणि कालावधी संपण्याच्या तीन महिने आधी पूर्ण रस्त्याची एक पाहणी लेखी मागून घ्या.